शिस्त म्हणजे नेम : लहुजी वस्तादांची गोष्ट

'शिस्त' हा शब्द तुम्ही आजवर किती वेळा ऐकलाय? हजेरी, आयकार्ड, सबमिशनची तारीख, होस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ. शब्द कानावर पडला की आपलं तोंड वाकडं होतं. पण जुन्या मराठीत याचा आणखी एक अर्थ होता. शिस्त म्हणजे नेम. शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं. शब्द आला फारसीतून. तिथे 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज कमानीची दोरी ओढताना अंगठ्यात घालायचे ती अंगठीसुद्धा. म्हणजे कॉलेजच्या नोटीस बोर्डवरचा हा कंटाळवाणा शब्द मुळात धनुष्यबाणाच्या मैदानातून आपल्याकडे आलाय.

आणखी दोन शब्द घ्या. 'तालीम' हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ शिक्षण. 'वस्ताद' म्हणजे उस्ताद, शिकवणारा. आपण मात्र तालीम म्हटलं की लाल माती आणि वस्ताद म्हटलं की पिळदार मिशा एवढंच डोळ्यांसमोर आणतो.

हे तिन्ही शब्द त्यांच्या पूर्ण अर्थानं जगलेला एक माणूस याच पुण्यात होऊन गेला. लहुजी राघोजी साळवे. लोकांसाठी लहुजी वस्ताद. तुम्ही त्यांचं नाव फ्लेक्सवर वाचलं असेल, चौकात वाचलं असेल, १४ नोव्हेंबरच्या मिरवणुकीत ऐकलं असेल. पण त्या नावामागचं आयुष्य आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? चला, आज ते बघू.

पुरंदरचा पायथा

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठ गावातला. वडील राघोजी, आई विठाबाई. घर मातंग समाजातलं. जुन्या कागदांत आणि त्या काळच्या बोलण्यात या समाजाला मांग म्हणत. गावगाड्यात या समाजाच्या वाट्याला दोर वळणं, वाजंत्री, गावची राखण अशी कामं. हक्काची जमीन नाही, देवळात प्रवेश नाही, पाणवठा वेगळा. पण साळवे घराण्याचं एक वैशिष्ट्य होतं. हत्यार चालवण्यात या घराचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि राऊत ही पदवी त्यांच्या नावामागे लागलेली होती. राघोजी पेशव्यांच्या पदरी होते. लहुजी घरातच शिकले. दांडपट्टा, तलवार, भाला, निशाणबाजी.

या भागाची कल्पना यावी म्हणून एक शेजार सांगते. त्याच पुरंदर तालुक्यातलं भिवडी हे उमाजी नाईकांचं गाव. उमाजींचा जन्म १७९१ चा, म्हणजे लहुजींपेक्षा तीनच वर्षांनी मोठे. रामोशी घरातला हा पोरगा दांडपट्ट्याबरोबर तीरकमठा आणि गोफणही चालवायचा. मोठ्या फौजांमध्ये तोवर बंदुका आणि तोफा आल्या होत्या आणि कमान मागे पडली होती. पण डोंगरातल्या माणसाकडे तीरकमठा टिकून होता. सह्याद्रीत कोळी आणि रामोशी, वर खानदेशात भिल्ल. कारण साधं आहे. दारू विकत आणावी लागते, बांबू डोंगरातच मिळतो. भिल्लांच्या कमठ्याची तर दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची असते.

अशा डोंगरात नेम ही पोट भरण्याची, गुरं राखण्याची आणि जीव वाचवण्याची विद्या होती. हौस वगैरे नंतरची गोष्ट.

खडकीचे तेरा दिवस

१८१७ चा नोव्हेंबर. लहुजी तेविसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर. म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचे.

५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. आज जिथे युनिव्हर्सिटीचा परिसर आहे त्या गणेशखिंडीच्या बाजूनं बापू गोखल्यांचे घोडेस्वार उतरले. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होता. त्याच दिवशी संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली. हे संगमाचं ठिकाण लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येणार आहे. संख्येनं पेशव्यांची फौज कितीतरी मोठी होती, पण इंग्रजांच्या कवायती पलटणीपुढे लढाई हातची गेली. १६ नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूला पुन्हा तोंड लागलं आणि बाजीरावानं रातोरात पुणं सोडलं. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा चढला.

राघोजी साळवे याच लढाईत पडले. तेरा दिवसांत लहुजींचे वडील गेले आणि राज्यही गेलं.

थोडा विचार करा. तुम्ही लहानपणापासून एकच गोष्ट शिकलात, त्यातच तुमचं घराणं नावाजलेलं, आणि बावीस-तेवीसाव्या वर्षी त्या कौशल्याचं मार्केटच बंद झालं. फौज मोडली, शिलेदार घरी बसले, हत्यारं माळ्यावर गेली. आपण आज एआयमुळे नोकऱ्या जातील म्हणून घाबरतो ना, तसंच काहीसं. त्यात लहुजींची जात अशी, की दुसरा धंदा सहजासहजी कुणी करू देणार नाही.

त्यांनी काय केलं? त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

गंज पेठेतली तालीम

१८२२ मध्ये लहुजींनी पुण्यात तालीम उघडली. गंज पेठेचा हा भाग. पेठेचं आजचं नाव महात्मा फुले पेठ.

तालमी पुण्याला नव्या नव्हत्या. पेशवाईत तालमींना राजाश्रय होता. मल्लखांबाला नव्यानं रूप देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्याच काळातले. लहुजींच्या तालमीतलं वेगळेपण तिच्या वस्तादाच्या जातीत होतं. एका मातंग माणसानं आखाडा काढला आणि त्याच्याकडे सगळ्या जातींची मुलं येऊ लागली. ब्राह्मण आली, माळी आली, मातंग-महारांची आली. एकाच मातीत लोळू लागली, एकाच वस्तादाच्या पाया पडू लागली.

हे वाचायला सोपं वाटतं. पण त्या पुण्यात ते किती अवघड होतं, हे समजायला एक वेगळा कागद वाचायला हवा. त्याकडे येतेच. आधी थोडं या विद्येविषयी.

नेम शिकायचा म्हणजे काय?

कमान असो, गोफण असो, बंदूक असो की पट्टा, नेमाचं गणित बरंचसं सारखं आहे. सुरुवात डोळ्यांपासून होत असेल असं आपल्याला वाटतं. होते मात्र पायांपासून.

तिरंदाज लक्ष्याकडे तोंड करून उभा राहत नाही, तो आडवा उभा राहतो. दोन्ही पायांवर सारखं वजन, खांदे एका रेषेत. दोरी ओढायची ती दंडाच्या जोरावर नाही, पाठीच्या स्नायूंनी. प्रत्येक वेळी हात हनुवटीपाशी त्याच एका जागी यायला हवा. एक बोट इकडेतिकडे झालं तरी बाण दूर जाऊन हातभर चुकतो. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे सोडणं. दोरी हिसक्यानं सोडायची नसते. बोटं सैल करायची, दोरी आपली आपण सुटते. नवशिक्याचा बाण बहुतेक वेळा इथेच बिघडतो, कारण बाण कुठे लागतोय ते बघायची त्याला घाई असते.

गोफणीचंही तसंच. एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. दगड डोक्याभोवती फिरतो आणि नेमक्या क्षणी चिमटी सुटायला हवी. त्या काळची तोडेदार बंदूक तर आणखी परीक्षा बघायची. चाप ओढला की जळता तोडा दारूवर जाणार, दारू पेट घेणार आणि मग गोळी सुटणार. या मधल्या निमिषभरात हात हलला की संपलं. त्यामुळे बार होऊन गेल्यावरही हात स्थिर ठेवायची सवय लागावी लागते.

आणि दांडपट्टा? लांब, लवचीक, सरळ पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. मर्दानी खेळात पट्ट्यानं लिंबू कापतात ते तुम्ही पाहिलं असेल. कधी जमिनीवरचं, कधी समोरच्याच्या हातावरचं. तिथे जोर दाखवणं सोपं असतं. पातं तळहाताच्या वर थांबवणं हेच खरं शिक्षण.

म्हणून तालमीत पहिले कित्येक महिने हत्यार हातात देतच नाहीत. जोर, बैठका, पवित्रे. मग काठी. मग कुठे पट्टा. शिकणाऱ्याला वाटतं की वेळ वाया चाललाय. प्रत्यक्षात त्याच्या अंगात तीन गोष्टी मुरत असतात. उभं कसं राहायचं, श्वास कसा सांभाळायचा आणि राग आला तरी हात कसा आवरायचा. आज तिरंदाजीचे कोचसुद्धा याच क्रमानं शिकवतात. आधी रबराचा पट्टा ओढायला लावतात, मग हलकी कमान, मग जवळच्या अंतरावर मोठं लक्ष्य. सत्तर मीटर फार नंतर येतात. फायदा विचाराल तर खांदे-पाठ सुधारते, बसण्याउभं राहण्याची ढब सुधारते, हे आहेच. पण दिवसभर स्क्रीनवर बोट फिरवणाऱ्या आपल्या पिढीला दुसराच फायदा जास्त लागतो. एका वेळी एकच गोष्ट बघायची सवय.

मुक्तानं लिहिलेला तालीमखाना

आता तो कागद.

१८५५ साल. 'ज्ञानोदय' नावाच्या पत्रात एक निबंध दोन भागांत छापून आला. पहिला भाग १५ फेब्रुवारीला, दुसरा १ मार्चला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुलगी होती जेमतेम चौदा वर्षांची. तिचं नाव मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी आणि लहुजींच्याच नात्यातली.

त्या निबंधात मुक्तानं पेशवाईतल्या पुण्याची एक आठवण नोंदवली आहे. तालीमखान्यासमोरून एखादा मांग किंवा महार गेला, तर त्याचं डोकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानावर त्या डोक्याचा चेंडू आणि तलवारींचे दांडू करून खेळायचे, असं ती सांगते. शिकण्याची तर गोष्टच सोडा, असंही ती सांगते.

गुलटेकडी म्हणजे आज तुम्ही मार्केट यार्डला जाता तोच भाग.

हे वाचून झालं की पुन्हा १८२२ कडे या. ज्या समाजाच्या मनात तालीमखाना म्हणजे मरण असं चित्र पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं होतं, त्याच समाजातल्या माणसानं पेशवाई बुडून पाच वर्षं व्हायच्या आत त्याच शहरात स्वतःची तालीम उभी केली. आणि ज्या घरांमधली माणसं त्याची सावली टाळत होती, त्याच घरांमधल्या मुलांना त्यानं हत्यार धरायला शिकवलं. सूड म्हणून तो दार बंद ठेवू शकला असता. त्यानं ते उघडं ठेवलं.

धनुर्विद्येची आपल्याकडची सगळ्यात दुखरी गोष्ट एकलव्याची आहे. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणानं शिकवलं नाही आणि तरीही तो शिकला तेव्हा अंगठा मागून घेतला. मघाशी आपण बघितलं ना, शिस्त या शब्दाच्या मुळाशी अंगठा आहे. एकलव्याचा अंगठा गेला म्हणजे त्याची शिस्तच गेली. लहुजींच्या आयुष्यात ही गोष्ट उलटी फिरते. इथे गावकुसाबाहेरचा माणूस गुरू होतो, आणि तो कुणाची जात विचारत नाही, कुणाचा अंगठाही मागत नाही.

जोतीराव तालमीत येतात

गंज पेठेत लहुजींच्या तालमीपासून फुल्यांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ चा. १८४७ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतलं शिक्षण संपलं तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि त्यांच्याही डोक्यात इंग्रजांना घालवायचे विचार होते. ते दांडपट्टा आणि गोळीचं निशाण शिकायला लहुजींकडे येऊ लागले.

लहुजींच्या शिष्यांची यादी लोकांच्या सांगण्यात बरीच लांबत गेलेली आहे. पण जोतीरावांविषयी शंका घ्यायचं कारण नाही, कारण ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १८७३ च्या 'गुलामगिरी' या पुस्तकात ते लहुजींचं नाव, वडिलांचं नाव, घराण्याची राऊत ही पदवी आणि जातसुद्धा सांगतात, आणि आपण कुणाकडून काय शिकलो हे मोकळेपणानं मान्य करतात. त्या काळात एखाद्या लेखकानं आपला गुरू मातंग आहे असं छापून सांगणं ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे जोतीरावांचा नेम बदलला. इंग्रज जातीलही, पण इथली माणसं एकमेकांना माणूस मानणार नसतील तर राज्य कुणाचं आहे यानं काय फरक पडणार, असं त्यांना वाटू लागलं. १८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पाठोपाठ अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या.

इथे लहुजींचं आयुष्य एक वळण घेतं आणि माझ्या मते तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे. शाळा काढणं एक आणि शाळेत मुलं येणं दुसरं. शिकलं तर मार पडतो, वाळीत टाकतात, पोटाची कामं बंद होतात, हे वस्तीत प्रत्येकाला माहीत होतं. अशा घरी जाऊन मुलाला शाळेत पाठवा असं सांगायला माणूसही तसाच लागतो. लहुजी आणि राणबा महार या दोघांनी आपापल्या समाजात हे काम केलं. शाळेचं महत्त्व पटवलं, मुलं आणली. वस्तादाचा शब्द वस्तीत मोडत नसे. आणि तालमीत तयार झालेली पोरं पाठीशी असल्यावर शाळेवर दगड टाकणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.

त्याच शाळेतून मुक्ता लिहायला शिकली. तालीम या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण, हे आता वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

कायद्यातला धनुष्यबाण

दरम्यान इंग्रज राज्य पक्कं होत होतं. उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली गेली. १८५७ चा उठाव मोडला गेला. आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. युरोपियन लोकांना सूट होती.

या कायद्यात हत्यार कशाला म्हणायचं याची यादी आहे. बंदुका आहेत, संगिनी आहेत, तलवारी, कट्यारी, भाले, भाल्यांची पाती आहेत. आणि त्याच यादीत धनुष्यबाणही आहे.

जरा गंमत बघा. तोपर्यंत जगात तोफा, रायफली, आगगाड्या, तारायंत्रं आलेली. ज्या साम्राज्याकडे हे सगळं होतं, त्याला बांबूच्या कमठ्याचीही नोंद घ्यावीशी वाटली. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या डोंगरांत नेम धरणारी माणसं काय करू शकतात, हे त्यांनी अनुभवलेलं होतं. कमठ्यापेक्षा भीती असते ती कमठा धरणाऱ्या स्थिर हाताची.

या कायद्यानं तालमींची शस्त्रं घरात गेली आणि हळूहळू कसरतीपुरती, मिरवणुकीपुरती उरली. आज गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही ढोल-ताशांच्या पुढे दांडपट्टा बघता, तेव्हा ती एका मोडलेल्या विद्येची उरलेली खूण आहे, हे लक्षात असू द्या.

शेवटचा मोठा शिष्य

कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी लहुजींच्या एका शिष्यानं बंड केलं. वासुदेव बळवंत फडके. १८४५ मध्ये शिरढोणला जन्म, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. सरकारी नोकरदार, ब्राह्मण, घरी बायकामुलं. म्हणजे आपल्या भाषेत अगदी सेटल्ड माणूस. तो लहुजींच्या तालमीत शस्त्रविद्या शिकला.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. ते बघून फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा घातला. सोबत होते रामोशी, कोळी, धनगर. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी साथ दिली नाही तेव्हा फडके डोंगरातल्या माणसांकडे गेले. एका ब्राह्मण कारकुनाला त्या माणसांवर भरवसा ठेवावासा वाटला, त्यांच्यात जेवावं-झोपावंसं वाटलं, याची पायाभरणी कुठे झाली असेल? मातंग वस्तादाच्या पाया पडून मातीत उतरण्यापासून ती झाली, असं मला वाटतं.

जुलै १८७९ मध्ये फडके विजापूरच्या बाजूला पकडले गेले. त्यांना पुण्यात आणून संगमावरच्या तुरुंगात ठेवलं. खटल्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूनं उभे राहिले. शिक्षा जन्मठेप, रवानगी एडनला. तिथल्या तुरुंगाचं दार निखळवून ते पळालेसुद्धा, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला.

शिष्य तुरुंगात गेला तेव्हा लहुजी पंच्याऐंशीच्या घरात होते. वडील गमावलेली खडकीची लढाई बासष्ट वर्षं मागे पडली होती. शिष्याच्या मरणाची बातमी मात्र त्यांना ऐकावी लागली नाही. त्याआधी दोन वर्षं, १७ फेब्रुवारी १८८१ ला लहुजी गेले. वस्ताद आणि शिष्य, दोघांचीही तारीख १७ फेब्रुवारी.

लहुजींची समाधी संगमवाडीला आहे. आता नकाशा उघडा. मुळा-मुठेचा संगम शोधा. एका काठाला ती जागा जिथे १८१७ मध्ये रेसिडेन्सी जळली आणि १८७९ मध्ये फडक्यांना कोंडलं. आणि नदीपलीकडे वस्ताद.

मग आपल्यासाठी काय?

लहुजी हरलेल्या बाजूचे सैनिक होते. त्यांचं राज्य परत आलं नाही. इंग्रज त्यांच्या हयातीत गेले नाहीत. त्यांच्या हातातली हत्यारं कायद्यानं काढून घेतली. निकालाच्या भाषेत बोलायचं तर बाण लक्ष्यावर लागलाच नाही. पण त्यांच्या मातीतून एक जोतीराव निघाले, एक वासुदेव बळवंत निघाले, आणि त्यांच्या घरातून लिहिती मुक्ता निघाली. तिघांची वाट वेगळी, तिघांचं लक्ष्यही वेगळं. वस्तादानं लक्ष्य दिलंच नव्हतं. उभं राहायला शिकवलं, श्वास आवरायला शिकवलं. पुढचं ज्याचं त्यानं ठरवलं.

आज महाराष्ट्रात तिरंदाजीला चांगले दिवस आहेत. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीनं आणि नागपूरच्या एकवीस वर्षांच्या ओजस देवतळेनं. ऑलिम्पिकमध्ये सत्तर मीटरवरून ज्या लक्ष्यावर बाण मारतात, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं असतं, साधारण जेवणाच्या वाटीएवढं. आपल्या पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये हे शिकवलं जातं. शहरात इतरही ठिकाणी शिकता येतं. कमान महाग पडत असेल तर मर्दानी खेळाचे आखाडे आहेत. तिथे सुरुवातीला एक काठी पुरते.

पण जाल तिथे एक गोष्ट बघा. मैदानावर कोण कोण येतंय? शिकवणारा कोण आहे? फी कुणाला परवडते, कुणाला नाही? आत यायला कोण बिचकतंय? आपल्या कॅम्पसवरच्या जिमला, क्लबला, ग्रुपलाही हेच प्रश्न विचारून बघा. १८२२ मध्ये गंज पेठेतल्या एका तालमीनं त्यांची उत्तरं दिली होती. आपली उत्तरं तिच्याहून मागे असतील तर ते बरं नाही.

पुढच्या १७ फेब्रुवारीला लेक्चर संपल्यावर तासभर काढा. आधी गंज पेठेत फुलेवाडा बघा, मग संगमवाडीला जा. मोबाइल खिशात राहू द्या. समाधीसमोर सरळ उभं राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. तालमीतला पहिला धडा तोच असतो.